टेकडीमागचे वळण

रविवार, १२ जानेवारी

या वहीकडे मी एप्रिलपासून फिरकलो नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. दिलगिरी नेमकी कोणापाशी व्यक्त करतो आहे ते सांगता येणार नाही, पण कारण न देता गैरहजर राहणे आमच्या कार्यालयात चालत नाही, तर इथे का चालावे? शेवटची नोंद स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची आहे. तो नळ आता हेलनकडे असतो. घरही. मी नॉरिच सोडले, बदली मागून घेतली आणि ऑगस्टपासून यॉर्कशरमधल्या या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. वजनमापे तपासणीच्या कामात फरक काहीच नाही: पेट्रोलपंप, खाटकांचे तराजू, पबमधले ग्लास. इथेही लोक मला आत येताना पाहून तराजू पुसायला घेतात.

नवीन काही असेल तर क्लब. सप्टेंबरपासून मी स्केलबी मॉडेल रेल्वे क्लबचा उमेदवार सभासद आहे. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी, जुन्या चर्चमागचा हॉल. माझी मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्या दिवशी उमेदवाराने स्वयंपाकघरात जाऊन चहा करायचा आणि तोवर बाकीच्यांनी मत द्यायचे, अशी पद्धत आहे. एकाने जरी नको म्हटले तरी नाव गळते. त्यानंतरच्या शनिवारी वार्षिक प्रदर्शन.

मला सभासद व्हायचे आहे. इथे हे स्पष्ट लिहितो, कारण बाहेर मी "बघू, वेळ कसा मिळतो त्यावर आहे" असे म्हणतो. वेळ भरपूर मिळतो. आठवड्याला सात संध्याकाळी असतात आणि त्यांतल्या पाच कशा जातात हे मला माहीत आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

माझे इंजिन आज क्लबच्या रुळांवर पहिल्यांदा धावले. तयार मिळणारेच आहे: काळे, मालगाडीचे, सहा चाकांचे. दुकानातून आणले तेव्हा पॉलिश केलेल्या बुटासारखे चकाकत होते. अशा प्रत्येक इंजिनाच्या खोक्यात एक प्लास्टिकची पुडी येते. तिच्यात ब्रेकच्या दांड्या, धक्का झेलणाऱ्या बफरखाली लोंबणारी नळी, पायऱ्या असले बारीकसारीक भाग असतात आणि ते ज्याचे त्याने बसवायचे असतात. बहुतेक लोक पुडी उघडतही नाहीत. मी माझ्या पुडीतले सगळे बसवले. खरा कोळसा कुटून भरला. भुकटीचे रंग लावून काजळी आणि गंज आणला. आत ड्रायव्हर बसवला, त्याच्या हातात चहाचा मग दिला. सगळा हिवाळा त्यात गेला.

इंजिन छान धावले. गाड्या चालवायला मोरीन सग्डन होती. ती निवृत्त बसड्रायव्हर आहे आणि तिची स्वतःची इंजिने खोक्यातून काढली तशीच, नव्या नवरीसारखी, रुळावर येतात. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझे इंजिन डोळ्यांपाशी नेले.

"माणसं नवीन वस्तू घेतात आणि जुनी व्हायची वाट बघतात, पोरा. तुला तेवढाही दम निघाला नाही?" मग आत डोकावून म्हणाली, "आणि हा कोण, तू का? याला बघून वाटतं, घरी गॅस चालू ठेवून आलाय."

मॅल्कम थ्वेट विजेचे काम बघतो आणि एका संध्याकाळी साधारण तीन वाक्ये बोलतो. त्यातले एक त्याने यावर खर्च केले. ड्रायव्हरच्या मगात कायदेशीर माप भरते का, हे मी तपासले असेलच, असे तो म्हणाला. मी सांगितले की चहा तिथे विकला जात नसल्यामुळे मगाला कायदा लागू होत नाही. त्यावर सगळे आधीपेक्षा जास्त हसले. कारण कळले नाही. माझे म्हणणे बरोबर होते.

घरी येऊन ड्रायव्हर भिंगाखाली पाहिला. कपाळावरची रेघ जरा जाड झाली आहे. मोरीनचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

अध्यक्ष विल्फ ओल्डरॉइड (निवृत्त खाटीक, सत्तरी ओलांडलेली) मला "इन्स्पेक्टर" म्हणतात आणि त्यांचे पाहून सगळेच म्हणतात. डंकन एलाकॉट हे नाव त्या हॉलमध्ये अजून कोणी उच्चारलेले नाही. लक्षण चांगले वाटत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

माझ्याआधीच्या उमेदवाराबद्दल मोरीनला विचारले. कोणी दंतवैद्य होते. एका मंगळवारी विल्फनी स्वतः केलेला पोर्क पाय (डुकराचे मांस भरलेली जाड कवचाची कचोरीच) आणला, तेव्हा त्या दंतवैद्यांनी आतला जेलीचा थर काढून द्याल का, असे विचारले म्हणे.

"मग काय झालं?" मी विचारले.

"काय होणार? आम्ही त्याच्याशी फार चांगलं वागलो. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. तुम्ही आधी घ्या, नाही नाही, तुम्ही आधी. नाताळच्या आत गेला बिचारा."

यावर बराच विचार केला. म्हणजे या लोकांना सौजन्य येते, फक्त ते माझ्या वाट्याला आलेले नाही. आज संध्याकाळभरात झालेली थट्टा: माझा मफलर, माझे 'वस्तुतः' म्हणणे, मी बिस्किट मोडून दोन्ही तुकडे सारखे आहेत का ते पाहतो ही गोष्ट. (मी पाहतो. वाईट सवय आहे.) सौजन्य मिळवावे लागेल. कसे, ते सुचत नाही.

आणखी एक. आमच्या लेआउटची, म्हणजे टेबलांवर मांडलेल्या छोट्या रेल्वेची, पुढची बाजू देखणी आहे. रुळांची मोठी डौलदार कमान दरीवरून जाते, पूल, मेंढ्या, सगळे. मग गाडी टेकडीतल्या बोगद्यात शिरते आणि थोड्या वेळाने दुसरीकडून बाहेर येते. टेकडीमागे काय आहे ते प्रेक्षकांना दाखवत नाहीत आणि उमेदवारालाही नाही. आज मी सहज वाकून बघायला गेलो, तर मॅल्कमने मला कोपराला धरून बाजूला केले.

"पाहुण्याला कोणी मोरी दाखवतं का?"

पाहुणा. पाच महिने झाले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

संधी आली आहे.

विल्फचे एक हिरवे एक्सप्रेस इंजिन आहे. दर प्रदर्शनाची पहिली गाडी तेच ओढते. दुकानातून आले तसेच आहे: चकचकीत, आत चिटपाखरू नाही, प्लास्टिकचा कोळसा, पुडी अजून सीलबंद. विल्फना जगात एकाच गोष्टीचा अभिमान आहे आणि ती ते दर मंगळवारी सांगतात: आजवर एकाही प्रदर्शनात ते रुळावरून उतरलेले नाही. "माझे गुडघे गेले, दात गेले, दुकान गेलं. हे कधी घसरलं नाही."

आज ते खोके त्यांनी माझ्या हातात दिले. "इन्स्पेक्टर, तुझे हात बारीक आहेत. प्रदर्शनाआधी याला जरा तेल घालून आण. थेंबभरच. तळायचं नाहीये."

मोरीन म्हणाली की विल्फनी त्यांच्या बायकोलाही कधी हे खोके उचलू दिले नाही. ही अतिशयोक्ती असावी. तरीही गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून मी त्याला पट्टा लावला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तेल घातले. तेवढेच काम होते आणि पाच मिनिटांत संपले. नंतर पुडीकडे पाहत बसलो.

दोन्ही बाजू मांडतो. विल्फनी पुडीबद्दल काही सांगितले नव्हते, हे खरे. पण शर्टाला बटण लावायला दिले आणि शिंप्याने तो इस्त्रीही करून दिला, तर कोणी तक्रार करत नाही. विल्फचे हात आता कापतात. त्यांना पायऱ्या बसवायच्या असतील आणि जमत नसेल, आणि हे बोलून दाखवणे त्यांना अवघड वाटत असेल, हेही शक्य आहे. 'तुझे हात बारीक आहेत' यात ते सुचवलेले असू शकते. पुडीतल्या कागदावर हे भाग फक्त मोठ्या वळणांसाठी आहेत अशी सूचना आहे. आमच्या दरीवरचे वळण मोठेच आहे. मी ते दर आठवड्याला पाहतो.

हेलन म्हणायची की मी सांगितलेले काम करतो आणि मग न सांगितलेले जास्त मन लावून करतो. ती पडद्यांबद्दल बोलत होती.

सील कापले.

रविवार, ९ फेब्रुवारी

पुढच्या चाकांजवळच्या पायऱ्या, सिलिंडरखालच्या केसासारख्या नळ्या, बफरखालची नळी, दिवे, खरा कोळसा, ड्रायव्हर आणि कोळसा टाकणारा. या ड्रायव्हरच्या कपाळावर रेघ काढली नाही, तरी चेहरा तसाच आला. सगळे पक्के चिकटवले आहे, हलणार नाही. टेबलावरच्या सरळ रुळावर इंजिन मागेपुढे चालवून पाहिले. निर्दोष.

मी फार खूश आहे. असे लिहायला संकोच वाटतो, पण आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झाले ते क्रमाने लिहितो.

मी खोके उघडले. विल्फनी इंजिन हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "फार सुंदर झालंय. आभारी आहे, डंकन."

डंकन! त्यांना नाव माहीत होते.

मोरीनने पाहिले आणि तीही म्हणाली, सुंदर. मॅल्कम म्हणाला, "पण विल्फ, त्या पुढच्या पायऱ्या..." विल्फ म्हणाले, "राहू दे, मॅल्कम. चालव. हळू घे."

इंजिनाने डबे जोडून घेतले, दरीवरून डौलात गेले आणि बोगद्यात शिरले. मग टेकडीमागून एक आवाज आला आणि त्यानंतर खाली फरशीवर दुसरा.

विल्फ स्वतः वाकून आत गेले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. बाहेर आले तेव्हा इंजिन त्यांच्या रुमालात होते. एक बफर तुटला आहे, एक पायरी दिसत नाही, बाजूला ओरखडा आहे. ते म्हणाले, होतं असं, आणि खोके काखेत घेऊन लवकर घरी गेले. कोणी मला दोष दिला नाही. उलट सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की मला भरून आले. शेवटचे कस्टर्ड क्रीम बिस्किट मोरीनने मला दिले. मी ते मोडले तेव्हा तिने दुसरीकडे पाहिले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

परिस्थिती पालटली आहे. आज मी आत गेलो तर मॅल्कमने स्वतःची खुर्ची दिली. "बसा ना, मिस्टर एलाकॉट." मोरीनने दुधाचा जग आधी माझ्यापुढे केला. मफलरबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, उलट उबदार दिसतो असे मोरीन म्हणाली. विल्फ आले नव्हते. सर्दी आहे म्हणे.

अपघाताच्या कारणाचा मात्र छडा लागायला हवा. माझे इंजिन सरळ रुळावर निर्दोष धावले होते, त्या अर्थी दोष टेकडीमागच्या रुळात असणार. तो भाग मॅल्कमने बांधलेला आहे. त्याला चारचौघांत लाजवू नये म्हणून बाजूला घेऊन मी हे सांगितले.

तो म्हणाला, "शक्य आहे, मिस्टर एलाकॉट. लक्षात आणून दिलंत, बरं झालं. तुम्हाला हवं तेव्हा आत जाऊन तपासा."

खुर्चीचे सोडूनही संध्याकाळची तिन्ही वाक्ये त्याने माझ्यासाठी वापरली. शिवाय जी जागा उमेदवाराला दाखवत नाहीत ती दाखवायची तयारी. मार्चमधल्या मताबद्दल आता मला बरीच आशा वाटते.

घरी येताना, वाटला होता तेवढा आनंद मात्र झाला नाही. हॉलमधला हीटर बिघडला असावा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोजपट्ट्या आणि टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो आणि टेकडीच्या मागच्या बाजूला वर आलो.

तिथे सौंदर्य नाही. पुठ्ठे, तारांचे झुबके, चहाचा एक जुना ट्रे खिळ्यांनी ठोकलेला. आणि वळण. हॉलची भिंत आड येत असल्यामुळे तिथले रूळ, माणूस टाचेवर गर्रकन फिरावा तसे वळतात. समोरच्या दरीतली ती ऐसपैस कमान आणि हे, दोन्ही एकाच रेल्वेची असतील असे वाटत नाही. कोणी पाहू नये म्हणून टेकडी बांधली आहे हे माझ्यासारख्यालाही कळले.

रूळ मोजले. सांधे मोजले. मॅल्कमच्या कामात एका केसाचाही फरक नाही. तो इतक्या लहान जागेत इतका चोख रूळ टाकू शकला याचे मला आश्चर्य वाटते.

मग टॉर्चच्या उजेडात वळणाच्या पोटाशी ती हरवलेली पायरी दिसली. एक्सप्रेस इंजिनाची पुढची छोटी चाके वळणावर बाजूला सरकतात, त्यांना मोकळी जागा लागते. त्या जागेत मी पायऱ्या चिकटवल्या होत्या. माझ्या काळ्या इंजिनाला तसली चाके नाहीत, म्हणून ते सुखरूप जात होते. पायरीला गोंदाचा थेंब तसाच होता. गोंद माझाच. मी तो नीट लावतो, जरा जास्त.

पुडी उघडली गेली नव्हती ती आळसामुळे नाही. मॅल्कमला पाहताक्षणी कळले होते. विल्फनाही कळले होते आणि तरी ते 'चालव' म्हणाले, कारण मी समोर उभा होतो, बहुधा हसत.

वरून मोरीनचा आवाज आला, "मिस्टर एलाकॉट, चहा खाली देऊ का तुम्हाला?" इतक्या गोड आवाजात तिने बसमधल्या प्रवाशालाही कधी विचारले नसेल.

मी बाहेर आलो, धन्यवाद म्हटले आणि पायरी खिशात घालून निघून आलो. कोणालाही काही सांगितले नाही. याची नोंद करतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

विल्फच्या घरी गेलो. ते मागच्या अंगणात लीक, ती जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, उपटत होते. त्यांनी मला आत नेले, खुर्ची ओढून दिली. "या, बसा. त्रास घेतलात."

मी पायरी टेबलावर ठेवली. सगळे सांगितले: तेल सांगितले होते आणि मी काय काय केले, मॅल्कमच्या रुळाला दोष दिला तो, आणि सत्य कळल्यावर गप्प राहिलो ते. इंजिनाची दुरुस्ती मी करीन आणि उमेदवारी मागे घेतो, असेही म्हणालो. हे वाक्य गाडीत तीनदा म्हणून पाहिले होते, तरी नीट आले नाही.

विल्फ लीकच्या मुळांची माती खरवडत राहिले.

"इतकी वर्षं ते इंजिन रिकामं धावलं," शेवटी ते म्हणाले. "आत माणूस नाही, काही नाही. कधी घसरलं नाही. तू ड्रायव्हर बसवलास आणि पहिल्याच फेरीत आडवं."

मी म्हणालो की वस्तुतः कारण ड्रायव्हर नसून पायऱ्या होत्या.

"वस्तुतः," विल्फ म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "राग आला होता मला, पोरा. पायऱ्यांचा नाही. तू मला विचारलं नाहीस. मी नाही म्हणालो असतो, तू तोंड पाडलं असतंस, मी पोर्क पाय दिला असता खायला, संपलं असतं."

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"कोळसा आवडला."

मग आम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि मी पायऱ्या आणि नळ्या पात्याने काढल्या. बफर जोडला. ते प्रत्येक वेळी 'हळू' म्हणत होते आणि मी 'हो' म्हणत होतो. ओरखडा राहिला. मी तो रंगवून लपवू का, असे या वेळी विचारले. ते म्हणाले, नको. ड्रायव्हर काढू का? तेही नको. राहू दे, तो काही आड येत नाही.

काम होत आले तेव्हा त्यांनी विचारले, "तू मापं तपासणारा माणूस. खरं सांग. हे घसरलं ते धरायचं का?"

मी प्रश्नाचा नीट विचार केला. मैत्रीखातर उत्तर द्यायचे नाही, असे ठरवून केला. दर मंगळवारी ते जो दावा करतात तो प्रदर्शनापुरता आहे. ही घटना सरावाच्या संध्याकाळी घडली, प्रेक्षक नव्हते, तिकीट नव्हते. मी तसे सांगितले: दावा अबाधित आहे.

"लेखी देशील?"

मी पेन काढले. विल्फ इतके हसले की त्यांना खोकला आला आणि मला पाणी आणावे लागले. लेखी नको होते असे दिसते.

उमेदवारीबद्दल ते एवढेच म्हणाले की तो त्यांच्या एकट्याचा प्रश्न नाही, मत सगळ्यांचे असते. निघताना लीकची जुडी दिली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मॅल्कमची माफी मागितली. चारचौघांत, कारण दोष मी बाजूला घेऊन दिला होता आणि तेवढ्याने भरपाई होत नाही. रूळ चोख आहे, वळण चोख आहे, असे सांगितले.

"वळण भिकार आहे," मॅल्कम म्हणाला. "पण माझं आहे."

दुधाचा जग आज माझ्यापर्यंत आलाच नाही, मला उठून घ्यावा लागला. मोरीनने माझ्याकडे एकदा पाहिले आणि विल्फना विचारले की हा लीक आधी वजन करून खातो की खाऊन मग वजन करतो. याचा अर्थ काय घ्यायचा?

पुढच्या मंगळवारी क्लब नाही, हॉलला रंग देताहेत. म्हणजे मत त्यानंतरच्या गुरुवारी. एकाने नको म्हटले तरी पुरे आहे आणि निदान दोघांकडे कारण आहे. मी स्वतः त्यांच्या जागी असतो तर काय मत दिले असते, हे ठरवायचा प्रयत्न केला. उत्तर लिहीत नाही.

रविवार, २ मार्च

काळ्या इंजिनाची चाके साफ केली. ती साफच होती.

गुरुवार, ६ मार्च

जेवणाआधी लिहून टाकतो, नाहीतर जेवण जाणार नाही.

सगळे जमल्यावर विल्फ म्हणाले, "इन्स्पेक्टर, किटली."

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथून हॉलमध्ये उघडणारी एक खिडकी आहे, चहा द्यायची, तिचे दार मी स्वतः लावून घेतले. ऐकणे योग्य झाले नसते. पाणी उकळले. कप मांडले. आतून मोरीनचा आवाज, मग विल्फचा, मग मॅल्कमचा, आणि मॅल्कम थांबेचना. त्याला इतके बोलायला मी कधी ऐकले नव्हते, आणि जे माणसाला इतके बोलायला लावते ते चांगले नसणार, असे मला वाटले. मग सगळे हसले. चहा जास्त कडक होत चालला. मी कपांचे कान एका दिशेला केले.

खिडकीचे दार मोरीनने उघडले. "चहा करतोयस की पिकवतोयस?"

मी ट्रे घेऊन बाहेर आलो. मतांबद्दल कोणी काही बोलेना. टेबलावर शनिवारच्या कामांची वाटणी चालली होती. मोरीन गाड्या चालवणार. विल्फ समोर उभे राहून लोकांशी बोलणार आणि पहिली गाडी सोडणार, हिरव्या इंजिनाची. मी उभाच होतो. शेवटी विल्फ म्हणाले, "आणि हा खाली."

"खाली कुठे?"

"टेकडीमागे. वळणापाशी बसायचं. काही डगमगलं तर हात लावायचा, पडलं तर झेलायचं. सकाळी दारं उघडल्यापासून बंद होईपर्यंत. पुढे आम्ही गोड बोलत असतो ते मागे कोणीतरी बसलंय म्हणून. आजवर मॅल्कम बसायचा."

"माझी पाठ गेली," मॅल्कम म्हणाला. "आणि ते वळण माझ्याशिवाय एवढ्या जवळून याने एकट्यानेच बघितलंय."

ती जागा अंधारी आहे, धुळीची आहे, आणि दिवसभर एकही प्रेक्षक दिसणार नाही. शिक्षा म्हणून योग्यच आहे, मी तक्रार केली नाही. मात्र मतदानाचे काय झाले, हे मला विचारावेच लागले. नियमाप्रमाणे निकाल उमेदवाराला सांगायला हवा.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मला वाटते, सांगायचे राहूनच गेले होते.

"प्रदर्शनात टेबलाखाली सभासदालाच जाता येतं," मॅल्कम म्हणाला. "विम्यात तसं आहे."

तेव्हा मी सभासद झालो आहे, विम्याच्या कारणासाठी का होईना. मी आभार मानले. जरा लांबले असावे, कारण मोरीनने मध्येच माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि म्हणाली, "बस आता, चहा गार होतोय. आणि शनिवारी बुडाखाली काहीतरी मऊ आण. ती फरशी माणसाला माणूस ठेवत नाही. तू आधीच अर्धा लाकडाचा."

विल्फनी पोर्क पाय कापला. मला मिळालेला तुकडा बाकीच्यांपेक्षा दिसायला लहान होता. मी बोललो नाही. विल्फ माझ्याकडे बघत होते, मी बोलतो का ते, आणि मी बोलत नाही हे पाहून त्यांनी मागे झाकून ठेवलेला दुसरा तुकडा पुढे सरकवला. मग सगळे पुन्हा माझ्यावर हसले, आणि मीही, कशावर ते नक्की न कळता.

घरात मऊ म्हणावे असे फारसे काही नाही. खुर्च्या दोन आहेत. दुसरीवर अजून कोणी बसलेले नाही, त्यामुळे तिची उशी नवीकोरी आहे.

उद्या: दुसऱ्या खुर्चीवरची उशी गाडीत ठेवणे.